उपाशी अमिबांना एकत्र यायला सांगतं कोण?

आडवाट (फोंडा)

डिक्टिओस्टेलियम नावाचा एक अमिबा मातीत असतो. बहुतेकांनी नाव ऐकलं नसेल, मीही अलीकडेच एका व्हिडिओमुळे त्याच्या नादी लागलो. कुजक्या पालापाचोळ्यात राहतो, बॅक्टेरिया खातो, एकाचे दोन होतो, शेजाऱ्याशी काही देणंघेणं नाही. पण खाणं संपलं की हेच सुटे अमिबे हजारोंनी, कधी लाखाच्या घरात, एका जागी जमतात आणि त्यांची मिळून दोन-चार मिलिमीटरची एक अळी होते. अळी उजेडाकडे सरपटते, मग कुठेतरी थांबते, उभी राहते, पुढचे काही अमिबे देठ होऊन तिथेच मरतात आणि उरलेले त्या देठाच्या टोकावर बीजाणू होऊन बसतात. उपासमार सुरू झाल्यापासून हे सगळं साधारण २४ तासांत.

मेंदू नाही, नसा नाहीत. रसायनं सोडून बोलतात एवढं समजलं. पण बोलणं सुरू कोण करतं? माझं म्हणणं असं की त्यात एखादी म्होरकी पेशी असणारच, आधीपासून ठरलेली, आणि बाकीचे तिच्या मागून जातात. लाखभर जण आपले आपण बरोबर जागी जाऊन बसतात यावर माझा तरी विश्वास बसत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ढब्बू_पैसा

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन आलोच.

मायक्रोमावशी (मडगाव)

आडवाट, प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. आधी क्रमाने सांगते, मग काय फाटे फोडायचे ते फोडा.

तुम्ही म्हणताय ती डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम ही जात केनेथ रेपरने १९३५ साली जगापुढे आणली, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलातल्या कुजक्या पानांतून. ते एकत्र येतात हे दिसत होतं, पण एकमेकांना शोधतात कसे हे कळत नव्हतं. जॉन टायलर बॉनरने १९४७ मध्ये जो प्रयोग केला तो इतका साधा आहे की मला अजून त्याचं कौतुक वाटतं. काचेवर पाण्याखाली अमिबे जमायला लागले की त्यांच्यावरून पाणी हळूहळू एकाच दिशेने वाहू द्यायचं. झालं काय, तर केंद्राच्या खालच्या अंगाचे, म्हणजे पाणी जिकडे वाहत जातंय तिकडचे अमिबे बरोबर केंद्राकडे वळले आणि वरच्या अंगाचे भरकटत राहिले. याचा अर्थ केंद्रातून काहीतरी पाण्यात सुटतंय आणि प्रवाहाबरोबर खाली जातंय. मी हे फळ्यावर काढायचे आणि मुलांना विचारायचे की वरच्या अंगाचे का भरकटले, तर निम्मा वर्ग बाणच उलटे काढायचा.

ते 'काहीतरी' म्हणजे सायक्लिक एएमपी हे कळायला १९६७ उजाडलं. आणि गंमत बघा, हाच रेणू तुमच्या-माझ्या अंगातही आहे. ॲड्रेनलिन पेशीच्या दारापर्यंत येतं आणि तिथून आतला निरोप हा सायक्लिक एएमपी नेतो, अर्ल सदरलँडना १९७१ चं नोबेल मिळालं ते याच वाटेच्या कामाबद्दल. आपल्यात तो पेशीच्या आत धावतो, अमिबा त्यालाच बाहेरही सोडतो.

म्होरक्याचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

कुळागरीण (सावईवेरें)

मावशी, एक शंका. आमच्या कुळागरात पोफळीच्या कुजलेल्या ओंडक्यावर पावसात पिवळाधम्मक लिबलिबीत गोळा येतो, सकाळी इथे असतो तर दुसऱ्या दिवशी वीतभर पलीकडे. हाच का तो? सासूबाई दिसला रे दिसला की त्याच्यावर चुलीतली राख टाकतात.

मायक्रोमावशी (मडगाव)

तो नव्हे गं. तो बहुतेक फुलिगो असणार, डिक्टिओचा लांबचा नातेवाईक. त्याचा तो अख्खा गोळा म्हणजे एकच राक्षसी पेशी, आत हजारो केंद्रकं आणि मध्ये भिंतच नाही. डिक्टिओच्या अळीत मात्र प्रत्येक अमिबा शेवटपर्यंत आपापल्या कातडीत असतो, अळी मोडली तर सुटे होऊन पुन्हा बॅक्टेरिया खायला लागतात. राख टाकायची काही गरज नाही, तो लाकडावरचे बॅक्टेरिया आणि बुरशी खातो, पोफळीला त्याचा त्रास नाही.

कुळागरीण (सावईवेरें)

हे सासूबाईंना तुम्हीच सांगा, फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते.

रिटायर्ड_हर्ट

माझं आयुष्य इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेलं, जीवशास्त्र शून्य, पण हा भाग मला मावशींपेक्षा चांगला सांगता येईल असा माझा दावा आहे (मावशी, हलके घ्या).

केंद्रात रसायन सुटलं आणि ते नुसतं पसरत गेलं तर काही अंतरावर इतकं पातळ होतं की कोणाला पत्ता लागणार नाही. मग लांबचे अमिबे येतात कसे? तर निरोप पुढे दिला जातो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका कोपऱ्यात बांगडे स्वस्त झाले तर बातमी आरडाओरडा करून नाही पसरत, ज्याला कळतं तो शेजारच्याला सांगतो आणि स्वतः तिकडे चालायला लागतो. तसंच. अमिब्याला सायक्लिक एएमपी लागला की तो (१) जिकडून आला तिकडे सरकतो आणि (२) स्वतः थोडा सोडतो. म्हणून निरोप बाहेर जातो आणि माणसं, सॉरी अमिबे, आत येतात.

पण खरी करामत पुढेच आहे. सोडून झाल्यावर अमिबा काही मिनिटं बहिरा होतो. तेवढ्यात लाट त्याच्यावरून पुढे निघून जाते. बहिरा झाला नसता तर लाट पुढे गेल्यावर तो उलट फिरून तिच्या मागे लागला असता आणि सगळे जागच्या जागी पुढे-मागे करत बसले असते. शिवाय सगळे अमिबे एक एन्झाइम बाहेर सोडतात, फॉस्फोडायएस्टरेज, ते जुना सायक्लिक एएमपी तोडून टाकतं, म्हणजे पुढचा ठोका, म्हणजे रसायनाची पुढची लाट, यायच्या आत पाटी कोरी. ठोके साधारण सहा-सहा मिनिटांनी पडतात. सिग्नल पाठवायला सगळेच शिकतात हो, पण पुसायची सोय केली नाही तर लाइनवर नुसता गोंगाट उरतो, हे मी नोकरीत रोज बघितलंय.

शंकासूर

छान. पण आडवाटचा प्रश्न अजून तिथेच आहे. पहिला ठोका कोणी दिला?

मायक्रोमावशी (मडगाव)

आले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

खूप वर्षं बहुतेकांचं मत आडवाटसारखंच होतं, की काही खास पेशी असतात, त्या ठोका देतात आणि बाकीच्या मागून येतात. १९७० मध्ये एव्हलिन फॉक्स केलर आणि ली सेगेल यांनी गणित मांडलं. सगळ्या पेशी एकसारख्या धरल्या, कोणी खास नाही. प्रत्येक पेशी रसायन सोडते, त्याच्याकडे सरकते आणि ते तोडते, एवढंच. उपासमारीने पेशींची संवेदना एका मर्यादेपलीकडे गेली की एकसारखा पसरलेला थर टिकूच शकत नाही, कुठे जरासं इकडचं तिकडे झालं की तिथे रसायन किंचित जास्त, म्हणून अमिबे किंचित जास्त, म्हणून रसायन आणखी जास्त, आणि बघता बघता गुठळ्या. म्होरक्या लागलाच नाही. पुढे केलरबाईंनी स्पष्ट तक्रार केली की लोकांना म्होरक्या इतका आवडतो की पुरावा नसतानाही ते त्याला सोडत नाहीत.

प्लेटवर तिरक्या उजेडात हे डोळ्यांनी दिसतं. सरकणारे अमिबे लांबट होतात, थांबलेले आखूड, त्यामुळे उजळ-काळे पट्टे उमटतात. काही ठिकाणी गोल कडी, पण बऱ्याच ठिकाणी चक्क सर्पिल. आणि सर्पिलाच्या मधोमध ठोके देणारं कोणी बसलेलं नसतं. लाट स्वतःच्याच शेपटीमागे गोल फिरत राहते, बस.

आडवाट (फोंडा)

सर्पिलाचं पटलं. पण गोल कड्यांच्या मध्ये तर कोणीतरी असणारच ना? तिथून लाट निघतेय हे तुम्हीच म्हणताय.

मायक्रोमावशी (मडगाव)

असतं, पण ते आधीपासून नेमलेलं नसतं. जे आधी उपाशी पडले ते आधी ठोके द्यायला लागतात. त्यांना उचलून बाजूला केलंत तर दुसरे कोणी देतील. आणि एकट्यादुकट्याने ठोके देऊन भागतही नाही. उपाशी अमिबे आणखी एक प्रथिन बाहेर सोडत असतात, त्याचं प्रमाण आजूबाजूला पुरेसं झालं तरच सायक्लिक एएमपीला नीट दाद मिळते. म्हणजे आधी हजेरी आणि मग बैठक. चार डोकी असताना अळी करायला गेलं तर देठही धड होणार नाही.

ढब्बू_पैसा

आमच्या सोसायटीची मीटिंग कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग तेवढ्याच लोकांत घेतात. अमिबे जास्त शिस्तीचे दिसतात.

रापणकार (कोलवा)

धागा मस्त चाललाय, थोडा दर्याकडे वळवतो. काही रात्री पाण्यात पाय मारला की निळं पेटतं, जाळं ओढताना तर दोरीसुद्धा पेटते. ते पण असंच एकमेकांना सांगून का?

दोनापावल

नाही बाब. ते नॉक्टिलुका नावाचे एकपेशीय जीव आणि त्याचे भाऊबंद. पाणी ढवळलं, लाट फुटली, तुमचा पाय लागला की प्रत्येक पेशी आपली आपण चमकते. शेजारी काय करतोय याच्याशी तिला काही घेणं नाही. एकच पेशी बाटलीत ठेवून हलवली तरी चमकेल.

पण तुम्ही विचारताय तो प्रकारही समुद्रातच आहे, फक्त तो बॅक्टेरियाचा. व्हिब्रिओ फिशेरी. १९७० च्या सुमारास नील्सन आणि हेस्टिंग्ज यांच्या लक्षात आलं की हा बॅक्टेरिया पातळ असताना चमकतच नाही, संख्या वाढत वाढत एका मर्यादेला गेली की सगळे एकदम पेटतात. प्रत्येकजण एक छोटा रेणू बाहेर सोडत असतो. उघड्या समुद्रात तो वाहून जातो, कोंदट जागेत साठतो. साठला की प्रकाशाची जनुकं चालू. त्याला कोरम सेन्सिंग म्हणतात, म्हणजे ढब्बूंनी नकळत बरोबर शब्द वापरला.

आणि ती कोंदट जागा कोणती, तर हवाई बेटांजवळच्या एका चिमुकल्या स्क्विडच्या (माणकीच्या) पोटाखालचा अवयव. रात्री वरून चांदणं पडतं तेवढाच उजेड हा खालून टाकतो, त्यामुळे खालून बघणाऱ्या माशाला त्याची सावली दिसत नाही. पहाट झाली की नव्वद-पंच्याण्णव टक्के बॅक्टेरिया बाहेर फेकून देतो, उरलेले दिवसभरात पुन्हा वाढतात. मला त्याच्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्या अवयवाला केसाळ बाहू असतात, पाण्यातले बॅक्टेरिया गोळा करायला. योग्य बॅक्टेरिया आत शिरले की त्यांच्या भिंतीचे तुकडे स्क्विडच्या पेशींना लागतात आणि काही दिवसांत ते बाहू झडून जातात, काम झालं म्हणून. म्हणजे एका जिवाच्या रसायनावर दुसऱ्या जिवाचा अवयव घडतोय. बॅक्टेरिया आलेच नाहीत तर बाहू तसेच राहतात.

रापणकार (कोलवा)

पेटतं माणकी! आम्ही आपले रेशाद मसाला भरून तव्यावर टाकतो त्याला.

ढब्बू_पैसा

माणक्यांचं नाव काढलंत, आता चहावर भागणार नाही.

काजूबिया

कोरम सेन्सिंगवर थोडं आमच्या धंद्यातलं. सुडोमोनास नावाचा बॅक्टेरिया पेशंटच्या कॅथेटरवर वगैरे चिकट थर करतो, त्यात तो हेच तंत्र वापरतो. थोडे असताना गप्प, गर्दी झाली की विषारी माल बाहेर काढतो, कारण थोडक्यांनी सुरुवात केली तर शरीराच्या पोलिसांना आधीच सुगावा लागेल. कॉलराचा जंतू नेमका उलटा, गर्दी झाली की रोगाची जनुकं बंद करतो आणि बाहेर पडायची तयारी करतो. म्हणून 'गर्दी म्हणजे हल्ला' असा सरळ नियम नाही, रेणू एक काम सांगत नाही, फक्त किती जण आहोत एवढंच कळवतो, पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवलेलं असतं.

कुळागरीण (सावईवेरें)

मग आंब्याचंही हेच ना? आढीत एक मानकुराद पिकला की बाजूचे भराभर पिकतात.

मायक्रोमावशी (मडगाव)

अगदी. तिथला निरोप वायूचा, इथिलीन. पिकणारं फळ स्वतः इथिलीन सोडतं हे १९३४ मध्ये रिचर्ड गेनने सफरचंदांवर दाखवलं. आणि आंब्याला इथिलीन लागलं की तो स्वतः आणखी इथिलीन करायला लागतो, म्हणजे मघाशी अमिब्यांचं सांगितलं तसाच निरोप पुढे जातो. फरक एवढाच की इथे पुसायची सोय नाही, एकदा सुरू झालं की आढीतला शेवटचा आंबा पिकेपर्यंत चालू.

रिटायर्ड_हर्ट

आणि कार्बाईडवाले खोटा निरोप पाठवतात. त्यातून निघतो ॲसिटिलीन, आंबा त्याला इथिलीन समजतो, साल पिवळी होते आणि आत आंबट. बंदी आहे, तरी मे महिन्यात बाजारात नाक जवळ नेलं की कळतं.

ढब्बू_पैसा

मानकुरादचा सुरुवातीचा डझनाचा भाव ऐकला की माझ्या खिशातल्या सगळ्या पेशी एकमेकींना एकच सिग्नल पाठवतात.

डिचोलीकर

आंबे झाले, माणकी झाली. मला एक सांगा, जे देठ होऊन मरतात त्यांचं काय? सगळे एकत्र आले, सगळे उपाशी, मग पाचातला एक कोणी ठरवला मरायला? आणि भाऊबंद असूनही मरायला तयार होतात? आमच्याकडे भाऊबंद इन्व्हेंटरीच्या (वारसावाटपाच्या) केसमध्ये चुलीएवढी जागा सोडत नाहीत.

मायक्रोमावशी (मडगाव)

यातही रसायन आहे, आणि ते थोडं क्रूर आहे. उपासमार सुरू झाली तेव्हा ज्यांच्या पोटात जास्त साठा होता ते बीजाणूकडे झुकतात, कमी साठ्याचे देठाकडे. आणि बीजाणू होणाऱ्या पेशी डिफ-१ नावाचा एक रेणू सोडतात, त्यात क्लोरीन असतो, तो इतरांपैकी काहींना देठाकडे ढकलतो. म्हणजे धष्टपुष्ट असतो तो दुसऱ्याला सांगतो, तू देठ हो.

डिचोलीकर

हे तर अगदी ओळखीचं वाटतंय.

शंकासूर

पण मग फसवेगिरी का होत नाही? एखाद्या वाणाने ठरवलं की आपण फक्त बीजाणूच व्हायचं, तर?

मायक्रोमावशी (मडगाव)

होते की. दोन वाण मिसळले तर कधी कधी एक वाण आपल्या वाट्याचा देठ कमी करतो आणि बीजाणू जास्त मिळवतो, प्रयोगांत दिसलंय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंदय्या यांनी यावर पुष्कळ वर्षं काम केलं, मुदुमलाईच्या जंगलातली माती आणि जनावरांचं शेण गोळा करून. त्यात असं दिसलं की रानात एकाच देठावर वेगवेगळे वाण खुशाल एकत्र सापडतात. तेव्हा 'सगळे सख्खे म्हणून मरायला तयार' हे सोपं उत्तर पुरत नाही. दुसरीकडे, वेगळेपण फार असेल तर पृष्ठभागावरची प्रथिनं जुळत नाहीत आणि गट आपोआप वेगळे होतात, हेही आहे.

शंकासूर

बरं. मग मी आता आडवाटच्या बाजूने बोलतो, कारण सगळे त्याच्या विरुद्ध गेलेत आणि मला ते बघवत नाही. अळीला पुढे टोक असतं. मी थोडं वाचलं. रेपरनेच १९४० मध्ये एका अळीचं टोक कापून दुसऱ्या अळीच्या कुशीला लावलं, तर त्या टोकाने मागचे काही अमिबे आपल्याकडे ओढून वेगळी अळी चालू केली. हा म्होरक्या नाही तर काय आहे?

आडवाट (फोंडा)

धन्यवाद शंकासूर. हेच म्हणत होतो.

मायक्रोमावशी (मडगाव)

टोक हुकूम चालवतं, मान्य. सायक्लिक एएमपीचे ठोके अळीतही टोकाकडूनच येतात. पण आता पुढचं वाचा ना. टोक कापलेल्या त्या बिनटोकाच्या अळीचं काय होतं? थोडा वेळ गडबडते आणि मग तिथेच नवं टोक तयार होतं, आधी मागे असलेल्या पेशींतून. अळीचे तुकडे केले तर तुकड्या-तुकड्यात पुन्हा देठ आणि बीजाणूंचं प्रमाण जवळपास तेच बसतं. तेव्हा आडवाट, तुमच्या वाक्यातलं 'म्होरकी पेशी' ठेवायचं तर ठेवा, 'आधीपासून ठरलेली' एवढं काढा.

आडवाट (फोंडा)

एवढं काढलं तर माझ्या वाक्यात उरलं काय?

रिटायर्ड_हर्ट

बरंच उरलं. जागा ठरलेली आहे, त्या जागेवर कोण ते ठरलेलं नाही. ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने मांडलं होतं, एक रसायन स्वतःला वाढवणारं आणि जवळ राहणारं, दुसरं त्याला अडवणारं आणि लांब पसरणारं, दोन्ही एकसारख्या थरात सोडा, ठिपके आणि पट्टे आपोआप उठतात. गर्भात बोटं होताना असंच काहीसं चालतं, बोट आणि फट, बोट आणि फट. अंगठा कुठला आणि करंगळी कुठली याला वेगळं रसायन आहे, ते भलतीकडे सुटलं की सहावं बोट.

कुळागरीण (सावईवेरें)

मुलीच्या शाळेत प्रोजेक्ट आहे. मातीतून हा अमिबा वाढवून बघता येईल का? आमच्याकडे माती आणि पालापाचोळा हवा तेवढा.

मायक्रोमावशी (मडगाव)

येईल, पण घरी नको, शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर. पालापाचोळ्याखालची वरची माती चमचाभर, स्वच्छ पाण्यात ढवळायची. गवताच्या काढ्याचं पातळ आगर (जेलीसारखं माध्यम) करून प्लेटमध्ये ओतायचं, त्यावर निरुपद्रवी ई. कोलाय आणि मातीचं पाणी पसरायचं. काही दिवसांत भिंगातून बघायचं, बाजूने टॉर्च धरून. बुरशीचे धागे विणल्यासारखे आडवेतिडवे दिसतात, हे मात्र सुटे उभे असतात, काचेसारखा देठ आणि वर थेंबासारखा गोळा. गोळा जांभळट दिसला तर डिक्टिओस्टेलियम परप्युरियम असू शकतो, उष्ण प्रदेशात तो बऱ्यापैकी भेटतो.

अडचण एकच, आपला उकाडा. डिस्कॉइडियमला २२ अंशांच्या आसपास बरं वाटतं, पंचविशीच्या वर गेलं की कुरकुरतो. ऑक्टोबरात बिनएसीच्या खोलीत प्लेट ठेवलीत तर बुरशीच जिंकणार. पावसात करा नाहीतर डिसेंबर-जानेवारीत.

ढब्बू_पैसा

फ्रीजमध्ये ठेवला तर? सुंगटांच्या हुमणाशेजारी (कोळंबीच्या कालवणाशेजारी)?

काजूबिया

ढब्बू, ई. कोलायची प्लेट हुमणाशेजारी ठेवलीस तर माझ्याकडे येऊ नकोस.

कुळागरीण (सावईवेरें)

मग डिसेंबरात करू. शाळेतल्या मॅडमना हा धागा पाठवते. माती कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, फक्त त्या पिवळ्या गोळ्यावर पाय देऊ नका, सासूबाईंना राख टाकू नका म्हणून सांगितलंय आणि त्या आता रोज त्याची खबर घेतात.

डिचोलीकर

देठ होणाऱ्यांच्या बाजूने कोणीच बोललं नाही. मी वेगळा धागा काढतो.